वाद्यदुरुस्ती : ट्रेमोलो ब्रिजबद्दल वाचकांचे प्रश्न

गणेशोत्सवाच्या तालमी जवळ आल्या की इलेक्ट्रिक गिटारबद्दलची पत्रं वाढतात. या वेळच्या बहुतेक पत्रांत ट्रेमोलो ब्रिजचीच तक्रार आहे, म्हणून सगळं सदर त्यालाच दिलं आहे. ट्रेमोलो ब्रिज म्हणजे तारा जिथे बॉडीवर अडकतात तो झुकता भाग. त्याची दांडी, म्हणजे आर्म, दाबली की सगळ्या तारांचा स्वर एकदम उतरतो. त्याच्या प्लेटखाली बॉडीत उतरणारा धातूचा ठोकळा म्हणजे ब्लॉक, त्याला पाठीमागून स्प्रिंगा ओढून धरतात. उत्तरं स्ट्रॅटोकास्टर धर्तीच्या ब्रिजला धरून आहेत. लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५४ साली आणलेली ती रचना आजही स्वस्त-महाग असंख्य गिटारींवर दिसते. तारा नट आणि सॅडल अशा दोन्ही टोकांना स्क्रूने आवळून धरणाऱ्या फ्लॉइड रोझ ब्रिजबद्दलचा एक प्रश्न वेगळा घेतला आहे.

प्रश्न : माझ्या स्वस्तातल्या गिटारीचा ब्लॉक पातळ, जस्ताचा आहे. स्टीलच्या जाड ब्लॉकचा नवा ब्रिज मागवला, पण सहा स्क्रूंपैकी मधले दोनच जेमतेम बसतात. प्लेटची भोकं कानसून भागेल का? (वाचक, कराड)

उत्तर : भागणार नाही, प्लेटला कानस लावू नका. या ब्रिजच्या मापांची दोन घराणी आहेत. जुन्या फेंडर धर्तीत पहिल्या आणि सहाव्या स्क्रूच्या मध्यांतलं अंतर ५६.४ मिमी असतं. आशियात बनणाऱ्या बहुतेक स्वस्त गिटारींत ते ५२.५ मिमी, म्हणजे शेजारच्या दोन स्क्रूंमध्ये १०.५ मिमी. एकूण फरक चार मिलिमीटरांच्या आतला. पण तो वाटला गेला की मधली दोन भोकं ०.४ मिमीने, त्यांच्या बाहेरची १.२ मिमीने आणि टोकाची जवळपास २ मिमीने सरकतात. तुमचे मधलेच दोन बसले ते यामुळे. ओढूनताणून घातलेला स्क्रू तिरका जातो, प्लेटच्या भोकाच्या कडेला घासतो आणि आर्म सोडल्यावर ब्रिज मूळ जागी येत नाही.

परत करता येत असेल तर हा ब्रिज परत करा आणि ५२.५ मिमीचा घ्या, हा आमचा पहिला सल्ला. रुंद ब्रिजवर ताराही रुंद पसरतात. स्वस्त गिटारीची मान अरुंद असली तर पहिली तार फ्रेटबोर्डाच्या कडेवरून खाली घसरू लागते आणि मग त्याला इलाज राहत नाही. घेण्याआधी पाठीमागची प्लेट काढून आणखी तीन मापं घ्या. बॉडीची जाडी बघा: ती ४४-४५ मिमी असेल तर सुमारे ४२ मिमी उंचीचा पूर्ण ब्लॉक मावतो. बॉडी ४० मिमीच्या आसपास असेल तर तोच ब्लॉक पाठीतून बाहेर डोकावेल, तिथे ३६ मिमीच्या आसपासचा लागतो. दुसरं, ब्लॉकच्या मागे, म्हणजे बॉडीच्या शेपटाच्या बाजूला, किती मोकळी जागा आहे ते पाहा. आर्म दाबला की ब्लॉकचं खालचं टोक तिकडेच सरकतं. जाड ब्लॉक त्या भिंतीला टेकला तर आर्म अर्ध्यात अडतो. तिसरं, आर्मचे आटे. अमेरिकन फेंडरचे आटे इंची असतात, आशियाई गिटारींत बहुधा एम-६, म्हणजे ६ मिमीचे मेट्रिक. जुना आर्म नव्या ब्लॉकमध्ये दोन बोटांनी सहज फिरत नसेल तर पान्याने फिरवू नका. आटे एकदा गेले की ब्लॉकच बदलावा लागतो.

एक वाट अजून आहे. जुनी प्लेट आणि सॅडल (प्लेटवरचे, एकेक तार टेकते ते तुकडे) धड असतील तर फक्त ब्लॉक बदला. तयार ब्लॉक मिळाला नाही तर साताऱ्याच्या किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत मिलिंगचं काम करणाऱ्याला जुना ब्लॉक नमुना म्हणून द्या आणि माइल्ड स्टीलमध्ये तसाच करून मागा. तारांची सहा भोकं, प्लेटचे तीन स्क्रू, स्प्रिंगांची पाच भोकं आणि आर्मचे आटे, सगळं नमुन्यावरून उचललं गेलं पाहिजे. तारेचा गोळा जिथे बसतो तिथली कड गुळगुळीत करून घ्या, नाहीतर तार तिथेच तुटेल.

तरीही हाच ब्रिज बसवायचा असेल तर जुनी भोकं आधी बुजवावी लागतील. न बुजवता शेजारी ड्रिल लावलं तर ते घसरून जुन्या भोकातच जाणार. प्रत्येक भोक ६ मिमीचं करा, बीचच्या किंवा तशाच कठीण लाकडाच्या ६ मिमी खुंट्या लाकडाच्या गोंदाने ठोका आणि पूर्ण २४ तास वाळू द्या. सागवान इथे टाळा, त्याच्या तेलकटपणामुळे गोंद तेवढा धरत नाही. वर आलेलं लाकूड धारदार पटाशीने सपाट करा.

आता ब्रिज जुन्याच आडव्या रेषेवर ठेवा. टोकाच्या दोन्ही सॅडलवरून नटपर्यंत (मानेच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) दोरा ताणा. शेवटच्या फ्रेटपाशी दोन्ही दोरे फ्रेटबोर्डाच्या कडांपासून सारख्या अंतरावर आले की ब्रिज मध्यावर आहे. लांबीही तपासा. नटच्या पुढच्या कडेपासून १२व्या फ्रेटपर्यंत ३२४ मिमी असेल तर सॅडलपर्यंत ६४८ मिमी हवेत. पहिल्या तारेचा सॅडल या मापावर ठेवा आणि बाकीच्यांना मागे सरकायला जागा उरते ना ते पाहा. पंचने खूण करून २.५ मिमीच्या बिटने उभं, सरळ भोक पाडा. हातातल्या ड्रिलपेक्षा स्टँडवरचं बरं. खोलीसाठी बिटवर टेप गुंडाळा. स्क्रूला मेण किंवा कोरडा साबण चोळून हाताने फिरवा. या भोकांच्या मागे ब्लॉकच्या खाचेपर्यंत लाकडाची भिंत फार पातळ असते आणि कोरडा, जाड स्क्रू ती सहज फोडतो.

प्रश्न : ९ नंबरचा संच काढून १० चा लावला. तेव्हापासून ब्रिज मागून उभा राहतो आणि तारा फ्रेटबोर्डापासून फार वर गेल्या आहेत. सॅडल खाली घेऊ का? (वाचक, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : सॅडलला आत्ता हात लावू नका. ट्रेमोलो ब्रिज म्हणजे तराजू. एका पारड्यात सहा तारांचा ताण, दुसऱ्यात पाठीमागच्या स्प्रिंगांचा. नेहमीच्या स्वरात ९-४२ संचाचा (आकडे पहिल्या आणि सहाव्या तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात) एकूण ताण साधारण ३८ किलो असतो, १०-४६ चा साधारण ४६ किलो. तुम्ही एका पारड्यात आठ किलो वाढवले आणि दुसरं तसंच ठेवलं, म्हणून ब्रिजचं शेपूट वर उठलं.

पाठीची प्लेट काढा. स्प्रिंगा ज्या पत्र्याच्या पट्टीला अडकवल्या आहेत तिला क्लॉ म्हणतात, आणि ती दोन लांब स्क्रूंनी लाकडात धरलेली असते. गिटार आधी पूर्ण सुरात लावा. सूर न लावता घेतलेलं कोणतंही माप खोटं निघतं. मग दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आत घ्या. सगळ्या तारा चढतील. त्या पुन्हा सुरात आणा आणि प्लेटच्या मागच्या कडेखालची फट पाहा. फट हवी तेवढी होईपर्यंत हेच चालू ठेवा. सहा स्क्रूंच्या ब्रिजला फेंडरचं माप ३.२ मिमी, दोन खांबांच्या अमेरिकन ब्रिजला २.४ मिमी. क्लॉ भिंतीच्या अगदी जवळ गेला आणि तरी फट जास्तच राहिली, तर तीनऐवजी चार स्प्रिंगा लावा आणि दोन्ही स्क्रू दोन-तीन फेरे सैल करून पुन्हा सुरुवात करा. इथे हातात नीट बसणारा, टोक न झिजलेला स्टार स्क्रू ड्रायव्हर घ्या. हे स्क्रू कठीण लाकडात खोल गेलेले असतात आणि खाच गेली की बाहेर काढणं महाकठीण.

फट जमल्यावर मानेकडे या. जास्त ताणाने मान पुढे वाकलेली असणार. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि ८व्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात फीलर गेज घाला. मोटारसायकलचे टॅपेट लावायला गॅरेजमध्ये असतो तोच चालतो. ०.२५ मिमीच्या आसपास पान जेमतेम जावं. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, त्याहून जास्त एका वेळी नाही. सॅडलची उंची त्यानंतर: १७व्या फ्रेटवर तारेखाली १.६ मिमी. सर्वांत शेवटी बारावा फ्रेट. दाबलेला स्वर मोकळ्या तारेच्या स्वरापेक्षा चढा वाटला तर सॅडल मागे, उतरता वाटला तर पुढे. हा क्रम उलटा केला तर प्रत्येक काम दोनदा करावं लागतं.

प्रश्न : आर्म वापरला की गिटार सुरात राहत नाही. दुकानदार म्हणतो, स्वस्त ब्रिज आहे, बदला. खरंच ब्रिजचाच दोष असतो का? (वाचक, शाहूपुरी, सातारा)

उत्तर : ब्रिज बदलण्याआधी दोष कुठे आहे ते गिटारलाच विचारा. गिटार सुरात लावा, आर्म दाबून तारा ढिल्या होऊ द्या आणि हलकेच सोडा. आता प्रत्येक तार ट्युनरवर पाहा.

एक-दोन तारा चढ्या आल्या असतील तर त्या नटच्या खाचेत अडकत आहेत. आर्म दाबल्यावर तार थोडी खुंटीकडे सरकते. सोडल्यावर तेवढीच परत यायला हवी. खाचेने धरून ठेवली की नट आणि सॅडलमधल्या भागात ताण जास्त राहतो आणि स्वर चढतो. तार खुंटीने चढवताना ‘टिक’ असा आवाज येणं हीच खूण. सगळ्याच तारा सारख्या प्रमाणात सरकल्या असतील तर ब्रिज मूळ जागी येत नाही, दोष स्क्रूंचा किंवा खांबांचा. तारा उतरल्या असतील आणि नव्याच असतील, तर बहुधा त्या नीट ताणलेल्या नाहीत किंवा खुंटीवर घसरत आहेत.

आलेल्या पत्रांवरून पाहता दोष सर्वांत जास्त वेळा नटमध्येच निघतो. तार ढिली करून बाजूला घ्या आणि खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं, ६बी असेल तर उत्तम, भरपूर घासा. एवढ्याने फरक पडला पण पूर्ण नाही, तर खाच अरुंद आहे. ९ वरून १० वर गेलेल्यांना हे हमखास होतं. त्या तारेपेक्षा किंचित बारीक अशी जुनी तार घ्या, तिच्याभोवती ६०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळा आणि खुंट्यांकडे उतरत्या कोनात दोन-चार हात मारा. खाच रुंद करायची, खोल नाही. खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खरखरते आणि मग नट बदलण्यावाचून मार्ग नसतो.

नट बदलायचाच असेल तर हाडाचा करा. मिरज आपल्या हाताशी आहे. तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. घोडीची जव्हारी लावताना, म्हणजे तारेला गुंजन यावं म्हणून घोडीचा माथा घासताना, केसभर कानस चालवणारे कारागीर तिथे आहेत आणि हाडाची पट्टी घासून द्यायला त्यांच्याइतका सराईत हात दुसरा नाही. फक्त मापं तुम्ही न्या: जुना नट, लावणार तो तारांचा संच, आणि ‘तार खाचेत सुटी सरकली पाहिजे’ ही सूचना. सतारीच्या तारेला आर्मच्या धक्क्याने मागेपुढे धावावं लागत नाही, त्यामुळे हे मुद्दाम सांगावं लागतं.

आता सहा स्क्रू. ते सगळे घट्ट आवळलेले असतील तर प्लेट लाकडावर दाबली जाते आणि झुकताना घासते. तारा आणि स्प्रिंगा सैल करा. सहाही स्क्रू असे उचला की त्यांची डोकी प्लेटच्या वर साधारण १.६ मिमी राहतील. मग टोकाचे दोनच प्लेटला जेमतेम टेकतील इतके खाली घ्या. मधले चार तसेच उंच. आता ब्रिज टोकाच्या दोघांवर झुकतो, मधले फक्त पहारा देतात. स्क्रूच्या मानेपाशी, जिथे प्लेट टेकते, तिथे सुईच्या टोकावर येईल एवढं ग्रीस लावा. ब्रिज दोन खांबांवर असेल तर खांबाच्या खाचेला टेकणारी प्लेटची धार बोटाने तपासा. बोथट किंवा दातेरी झाली असेल तर ती कानसून सरळ होत नाही, प्लेट बदलावी लागते. आणि खांबांची उंची कधीही पूर्ण ताणाखाली फिरवू नका, ती धार त्यानेच जाते.

एवढं केल्यावर तारा: खुंटीवर दोन-तीन वेढे, एकावर एक न चढलेले. प्रत्येक तार १२व्या फ्रेटपाशी बोटभर उचलून ताणा, सूर लावा, पुन्हा ताणा. उतरायची थांबेपर्यंत.

प्रश्न : आमचा ऑर्केस्ट्रा मंडळांत आणि लग्नांत वाजतो. ब्रिज तरंगता ठेवावा की टेकवलेला? (वाचक, विटा)

उत्तर : टेकवलेला. तरंगत्या, म्हणजे बॉडीपासून उचललेल्या, ब्रिजवर एक तार तुटली की स्प्रिंगांचं पारडं जड होतं आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. मिरवणुकीत किंवा भर कार्यक्रमात ते गाणं तिथेच संपतं. शिवाय एक तार ओढून स्वर चढवताना शेजारच्या तारा उतरतात, आणि सहावी तार एका गाण्यापुरती सा-पाच्या सोयीने खाली घेतली तर बाकीच्या बेसूर होतात. टेकवलेल्या ब्रिजवर आर्म फक्त खालीच जातो. तुमच्या कामाला तेवढं पुरतं.

चार किंवा पाच स्प्रिंगा लावा आणि क्लॉ आत घेत जा, प्लेट बॉडीवर सपाट बसेपर्यंत. मग तिसरी तार पूर्ण एका स्वराने ओढून पाहा. प्लेटची मागची कड उचलली गेली तर अजून पाव-पाव फेरा. गरजेपेक्षा जास्त आवळू नका, आर्म जड होतो. आर्म मुळीच वापरत नसाल तर ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना लाकडाचे घट्ट ठोकळे बसवा. न चिकटवता. पुढे मत बदललं तर काढता येतात.

प्रश्न : सेकंडहँड गिटारवर फ्लॉइड रोझ धर्तीचा ब्रिज आहे. एक तार लावली की बाकीच्या हलतात. यातून सुटका कशी? (वाचक, पलूस)

उत्तर : ब्रिज काम होईपर्यंत ठोकळ्याने अडवून. पाठीमागे ब्लॉक आणि शेपटाकडची भिंत यांच्यामध्ये असा लाकडी ठोकळा बसवा की प्लेट बॉडीला समांतर राहील. गरज पडल्यास कागदाच्या घड्या घालून जाडी जुळवा. क्लॉ थोडा सैल करा, म्हणजे तारा ब्लॉकला ठोकळ्यावर दाबून धरतील. लॉकिंग नटचे तिन्ही ठोकळे ३ मिमीच्या एलन कीने सैल करा, ब्रिजवरचे सहाही फाइन ट्युनर (सूर किंचित सरकवायचे स्क्रू) मधोमध आणा, आणि आता खुंट्यांनी सूर लावा. ब्रिज हलत नसल्यामुळे एक तार दुसरीला बिघडवणार नाही. तारा ताणा, पुन्हा लावा. मग क्लॉचे स्क्रू थोडेथोडे आत घेत जा. ठोकळा आपोआप सैल होऊन गळून पडेल, त्या क्षणी दोन्ही पारडी सारखी झालेली असतात. सूर तपासून नट आवळा. आवळताना स्वर थोडा सरकतो, तो फाइन ट्युनरने परत आणा. नट आणि सॅडलचे स्क्रू अंगठा व दोन बोटांच्या जोरापुरतेच आवळा. जास्त जोराने आटे जातात.

यापुढे तारा एकेक करून बदला, सगळ्या एकदम काढू नका. आणि तारांचा नंबर बदलला तर हे सगळं पुन्हा.

प्रश्न : नवा ब्रिज बसवल्यापासून अँपमध्ये घुंई वाढली आहे. तारांना हात लावला तरी कमी होत नाही. (वाचक, फलटण)

उत्तर : अर्थिंगची तार जोडायची राहिली आहे किंवा तिचा सांधा कच्चा आहे. ती व्हॉल्यूम पॉटच्या (आवाजाच्या बटणाखालच्या भागाच्या) पाठीवरून येऊन क्लॉला सोल्डर केलेली असते. क्लॉ नवा असेल तर जोडायची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासा आणि ६० वॉटचं आयर्न वापरा. क्लॉ उष्णता ओढून घेतो, २५ वॉटच्या आयर्नने सोल्डर नुसतं वर बसतं. मल्टिमीटरवर ब्रिज आणि जॅकचा बाहेरचा भाग यांच्यात एक-दोन ओहमच्या आत रीडिंग यायला हवं.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट विचारली नसली तरी सांगितली पाहिजे. मांडवात वाजवताना माइकला ओठ लागून झिणझिण्या आल्या तर वाजवणं तिथेच थांबवा. अँप आणि मिक्सर वेगळ्या लाइनवर असले आणि एकाचं अर्थिंग नसलं की तारांवर धरलेला हात आणि माइकवरचे ओठ यांतून प्रवाह जातो. दोन्ही एकाच अर्थिंग असलेल्या लाइनवर घ्या, ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (प्रवाह गळला की वीज तोडणारा स्विच) लावून घ्या आणि अँपच्या प्लगची तिसरी पिन कधीही काढू नका.

प्रश्न : पावसाळ्यात सॅडलचे बारीक स्क्रू गंजून बसले आहेत. एलन की आत फिरते, स्क्रू फिरत नाही. (वाचक, वाई)

उत्तर : आधी की बरोबर आहे का ते पाहा. आशियाई ब्रिजला बहुधा १.५ मिमी लागते, अमेरिकन मापाच्या स्क्रूला १.२७ मिमी. १.२७ ची की १.५ च्या भोकात शिरते, फिरते आणि कडा खाते. माप बरोबर असूनही फिरत नसेल तर ब्रिज बॉडीवरून काढा, सॅडल सुटे करा आणि झाकणभर रॉकेलमध्ये किंवा पातळ मशीन ऑइलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा. बॉडीवरच तेल सोडू नका, ते स्क्रूंच्या भोकांत उतरून लाकूड मऊ करतं. सकाळी नवी, कडा न झिजलेली की पूर्ण आत घालून आधी किंचित आवळण्याच्या दिशेने आणि मग सोडण्याच्या दिशेने हलवा. कडाच गेल्या असतील तर स्क्रू खालून निघालेल्या टोकाला पकडीत धरून फिरवा आणि नवा घाला. साधारण एम-३ असतो, लांबी जुन्यावरून मोजून घ्या. बसवताना आट्यांना शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब, आणि वाजवून झाल्यावर सॅडल कोरड्या सुती फडक्याने पुसायचे. घामातलं मीठ पावसाच्या दमट हवेत रात्रीतून गंज धरतं.